रिकाम्या गाडीचं वजन

शर्यतीची गाडी तयार करणं म्हणजे तिच्यात काही घालण्यापेक्षा तिच्यातून काढत राहणं. थोरल्याचं निम्मं आयुष्य याच कामात गेलं होतं. त्या दुपारीही तो गॅरेजचं शटर अर्धं ओढून नेहमीच्या कामाला लागला. चारही चाकांखाली वजनाच्या चार पाट्या सरकवायच्या, त्यांच्या वायरी आकडे दाखवणाऱ्या डबीला जोडायच्या आणि वजन वाचायचं. बाहेर कडक ऊन होतं. आत जळलेल्या क्लचचा, रबराचा आणि ताज्या रंगाचा वास कोंडला होता.

गाडी धाकट्याची होती. दोन दारांची, बुटकी, स्वस्तातली स्पोर्ट्स कार. शोरूममध्ये असते तेव्हा दिसायला वाघ आणि पळायला मांजर. दोघा भावांनी तिला दोन वर्षं पोसलं. हवा घेणारा पाइप रुंद केला, धूर सोडणारा मोकळा केला, इंजिनाचं डोकं लॅपटॉप लावून नव्यानं शिकवलं, मागे मऊ रबराचे टायर चढवले. मग काढायला सुरुवात केली. शेजारची सीट गेली, गालिचे गेले, छताचं अस्तर गेलं, मागच्या काचेच्या जागी प्लास्टिक आलं. आवाज दाबणारं डांबर तर धाकट्यानं पत्र्यावरून नखांनी खरवडावं तसं खरवडून काढलं.

स्वतःलाही तो गाडीचाच एक भाग समजायचा. शर्यत जवळ आली की रात्रीचं जेवण बंद. केस बारीक कापून यायचा आणि म्हणायचा, दादा, तेवढाच भार कमी. रोज सकाळी काट्यावर उभा राहून आकडा स्वयंपाकघरात ऐकू जाईल असा ओरडायचा. त्याची बायको गाडीला सवत म्हणायची. या सवतीनं माझा नवरा पार वाळवला, असं चारचौघांत सांगायची आणि वर हसायची.

त्या दुपारच्या काही महिने आधी, एका रविवारी, धाकटा शर्यत जिंकला, आणि जिंकल्यावर मेला.

शेवटच्या रेषेपुढे गाड्या थांबवायला लांब मोकळी पट्टी लागते. ती कुणाच्या हौसेसाठी नसते. त्या दिवशी क्लबनं तिचा शेवटचा तुकडा पाहुण्यांच्या मोटारी लावायला दिला होता आणि तोंडाशी जनरेटरचा ट्रक आडवा उभा केला होता. धाकट्यानं वेळेवर ब्रेक लावले, गाडी सरळ रेषेत मंदावत गेली, आणि थांबायला हक्काची जागा जिथे होती तिथे ट्रक होता. रुग्णवाहिका होती. पाहुण्यांच्या मोटारींमागे अडकून हॉर्न वाजवत होती.

पुढे क्लबचा अहवाल आला. छान कागद, सुबक छपाई. घरगुती फेरफारांमुळे ब्रेक निकामी झाले आणि चालक स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत ठरला, असं त्यात होतं. ट्रकचा उल्लेख नाही. पट्टी किती कापली, उल्लेख नाही. वर्तमानपत्रांनी तोच मजकूर जसाच्या तसा छापला, कारण जागेवर जाऊन पट्टी मोजायला पायपीट करावी लागते. थंड खोलीत बसून चार माणसांनी एका मेलेल्या माणसावर खापर फोडलं, आणि तो उठून भांडायला येणार नव्हता एवढीच त्यांची हिंमत.

थोरला मात्र जिवंत होता. तो क्लबच्या पायऱ्या झिजवत राहिला, सचिवाच्या टेबलापाशी आवाज चढवत राहिला. त्याचं एकच मागणं होतं. हीच गाडी, हेच ब्रेक, पट्टी पूर्ण मोकळी ठेवा, मी चालवतो, त्यात थांबली तर ते वाक्य मागे घ्या. शेवटी सचिव कंटाळून हो म्हणाला, पण मेख मारून. शर्यतीआधीच्या तपासणीत रिकाम्या गाडीचं जे वजन नोंदलं होतं, तेच वजन चाचणीला हवं. थोडंफार चालेल, जास्त फरक असला तर गाडी बदलली असं धरू, चाचणी रद्द आणि अहवाल कायम.

म्हणून थोरल्यानं चेमटलेलं नाक सरळ केलं, दार बदललं, बाकी सगळं होतं तसं ठेवलं. ब्रेकला तर त्यानं हातही लावला नाही. वजन जुळणारच होतं.

त्या दुपारी डबीवर आकडा आला तो एका माणसाएवढा जास्त होता.

पाट्या बिघडल्या असतील म्हणून तो एकेका पाटीवर स्वतः उभा राहिला. पाट्या खरं बोलत होत्या. टाकी रिकामी केली. डिकी चाचपली. नवं दार वेगळं तोललं, ते जुन्याएवढंच भरलं. मग लक्षात आलं की जास्तीचा भार चालकाच्या बाजूला आहे. त्यानं चालकाची सीट उचकटून बाहेर काढली आणि परत डबी बघितली. सीटचं वजन गेलं होतं. माणसाएवढा भार तिथेच होता.

त्याला भीती वाटली नाही. राग आला. इतकं सगळं केल्यावर आता हे कुठलं लचांड, असं तो स्वतःशीच पुटपुटला. सीट परत बसवून स्टूल ओढून गाडीकडे बघत राहिला. गॅरेज शांत होतं. कंप्रेसर बंद, पंखा बंद. आणि तेवढ्यात गाडीच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. कुणीतरी अवघडलेला पाय हलवावा तेवढ्याच. डबीवरचे आकडे जरा डळमळले आणि पुन्हा स्थिरावले.

संध्याकाळी भावजय कामावरून परतताना डबा घेऊन आली. धाकटा गेल्यापासून थोरला घरी जेवायला जात नसे आणि ती विचारत नसे. डबा ठेवता ठेवता तिची नजर डबीकडे गेली. हे काय, म्हणून तिनं विचारलं. मूळ वजन किती, जास्ती किती, थोरल्यानं तुटकपणे सांगितलं.

ती हळूच टायरांच्या थप्पीवर बसली.

"दादा... हा त्याचा आकडा आहे."

"कुणाचा?"

"त्या दिवशी सकाळी ओरडला होता ना. मी कणीक मळत होते... हाच आकडा."

ती उठली, गाडीला वळसा घालून पलीकडच्या दारापाशी गेली आणि उघड्या खिडकीतून तिनं हात आत घातला. नुसता धरला, हवेत, तळवा वर करून. डबीवर चारही पाट्यांचे आकडे वेगवेगळे दिसत. चालकाच्या बाजूचे उतरू लागले, तिच्या बाजूचे तेवढेच चढले. एकूण वजन तेच राहिलं. आत कुणीतरी तिच्याकडे कललं होतं.

थोरल्यानं शटर पूर्ण वर केलं. उजेड आत आला, रस्त्यावरची माणसं दिसली, भाजीची हातगाडी गेली. आकडे हलले नाहीत.

त्यानंतर ती रोज येऊ लागली. कामावरून सुटली की थेट गॅरेज. पलीकडच्या दाराशी बसून ऑफिसातल्या गोष्टी सांगायची, कोण कुणाशी भांडलं, घरमालकानं पुन्हा काय कुरकुर केली. थोरला ऐकू येत नाही असं दाखवत हत्यारं पुसत राहायचा. तिच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आली होती. त्या गॅरेजात तिला पाहणाऱ्या कुणालाही वाटलं असतं की ही बाई कुणाची तरी वाट बघते आहे, आणि ते माणूस येणार आहे.

चाचणी दोन दिवसांवर आली तेव्हा थोरल्याला बोलावंच लागलं. हे वजन घेऊन गेलो तर सचिव दारातूनच परत पाठवेल, असं तो म्हणाला. त्याला उतरायला सांगावं लागेल.

"नका ना," ती म्हणाली. "निदान इथे तरी आहे तो."

थोरला भडकला. लोक काय बोलतात ते त्यानं ऐकवलं. जीव द्यायची हौस होती म्हणतात, हातानं गाडी बिघडवली म्हणतात, विमेवाला तुझ्या तोंडावर तेच म्हणाला. क्लबवाले पट्टी खाऊन बसलेत आणि ढेकरही देत नाहीत. हे असंच राहू द्यायचं?

"त्याचं नाव साफ होईल," ती शांतपणे म्हणाली. "आणि मी त्या नावाचं काय करू, दादा? नाव काही संध्याकाळी घरी येत नाही."

थोरल्यानं हातातला पाना टेबलावर ठेवला. मग त्याला रडू कोसळलं. बाप गेला तेव्हा तो रडला नव्हता, धाकट्याला पोहोचवताना स्मशानातही नाही. आता मात्र ग्रीसनं माखलेल्या हातांनी तोंड झाकून तो हमसत होता, आणि डबीवरचे आकडे वेड्यासारखे खालीवर होत होते, जणू आतलं माणूस त्याच्याकडे यायला धडपडत होतं आणि सीटचा पट्टा सुटत नव्हता.

तिनं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी, चाचणीच्या आदल्या संध्याकाळी, ती डबा न घेताच आली. तुम्ही नका सांगू, मीच सांगते, एवढंच म्हणाली. चालकाचं दार उघडून ती वाकली आणि पट्ट्याचं मधलं बक्कल तिनं सोडवलं. ते लावलेलं होतं, हे थोरल्याला तेव्हा कळलं. त्यानं ते लावलं नव्हतं.

"उतर आता," ती म्हणाली. आवाज अगदी घरातला होता, जेवायला हाक मारावी तसा. "दादांना काम आहे. खूप दिवस बसलास... चल, घरी जाऊ."

काहीच झालं नाही. मग सीटच्या कडेचा फोम दबला. गाडी दाराच्या बाजूला जराशी झुकली, बुटक्या गाडीतून उंच माणूस निघताना झुकते तशी, आणि हलकेच वर आली. डबीवर मूळ वजन उभं होतं, नोंदीत होतं तेवढंच. भावजयीनं दार लावलं. जाताना तिनं मागे वळून पाहिलं नाही.

चाचणी झाली. सचिवानं गाडी स्वतःच्या काट्यावर तोलली आणि तोंड कडू केलं. थोरल्यानं धाकट्याचं हेल्मेट चढवून गाडी सोडली. रेषा ओलांडली, ब्रेक लावले. गाडी सरळ रेषेत, जराही न भरकटता, पट्टी संपायच्या बऱ्याच आधी उभी राहिली. ट्रक जिथे होता ती जागा मात्र तिनं ओलांडली होती. अहवालात हे लिहा, असं थोरल्यानं सगळ्यांदेखत सांगितलं. क्लबनं वाक्य मागे घेतलं, मुंगीएवढ्या अक्षरांत, आतल्या पानावर. ट्रक उभा करणाऱ्याचं काही झालं नाही. त्याला पुढच्या मोसमात बढती मिळाली.

थोरल्यानं गाडीवर कापड टाकलं. आता ती रिकामी होती, आणि गॅरेजही. रोज संध्याकाळी तो शटरकडे बघायचा. भावजय काही दिवस आलीच नाही.

आली ती स्कूटर दाखवायला. मागचं चाक घासतंय, स्प्रिंग जरा कडक करून द्या, म्हणाली. थोरल्यानं पेच आवळून दिला. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली, तीच तक्रार घेऊन. मग पुन्हा. तुझ्या एकटीच्या भारानं एवढी स्प्रिंग बसायला नको, असं त्यानं एकदा बोलून दाखवलं. ती नुसती हसली. ती खूप वाळली होती. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत जात होती, पण चेहरा उजळ होता. जेवतेस ना, असं त्यानं विचारलं. दोघांचं करते की, असं ती सहज बोलून गेली आणि हातरुमालानं आरसा पुसू लागली.

त्या दिवशी पेच शेवटपर्यंत आवळला गेला. यापुढे तो फिरणार नव्हता. थोरल्यानं तसं सांगितलं. बरं, म्हणाली ती, आणि स्कूटर रस्त्यावर घेतली. भर संध्याकाळ होती, समोरच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. ती बसली. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले, हँडल पक्कं धरलं, पण स्कूटर चालू केली नाही. थांबून राहिली.

सीटची मागची बाजू हळूहळू दबत गेली, पार मडगार्ड चाकाला टेकेपर्यंत.

मग ती सीटवर थोडी पुढे सरकली.