भेगेवरची काच

मार्चच्या रिमझिमीत दारावर टकटक झाली तेव्हा ऑड्री थर्टलला वाटलं, पाववाला आलाय. दार न उघडताच ती म्हणाली, "आज नको."

"मलाही पाव नकोय," बाहेरून आवाज आला. "चर्चची किल्ली हवी होती."

गावातल्या सातशे वर्षांच्या चर्चची वीतभर लांब किल्ली आई गेल्यापासून ऑड्रीच सांभाळायची. एरवी ती मागायला काळं कुत्रं फिरकत नसे. दर पाच वर्षांनी इमारत तपासायला वास्तुतज्ज्ञ येतो, तसा हा हार्वी ग्रिम्स आला होता... चिंब भिजलेला.

मनोऱ्याच्या कमानीपाशी त्याला भेग दिसली. त्याने तिच्यावर बोटभर काचपट्टी आडवी चिकटवली, खाली तारीख लिहिली. "भिंत सरकली तर काच तडकेल. महिन्याने बघायला येतो."

तो दर महिन्याला येऊ लागला. काच शाबूतच असायची. मग दोघं माना वर करून छतातले लाकडी देवदूत बघत बसायची.

"तो नाक तुटलेला अगदी तुमच्या पाद्रीबुवांसारखा दिसतो," हार्वी म्हणायचा.

"हळू बोला. त्यांचे पणजोबा असतील."

निघताना तो उंबऱ्याबाहेरूनच किल्ली परत द्यायचा. दार लागलं की घर तिला खायला उठायचं. दिवसभराचं हसू सांगायलासुद्धा तिथे कुणी नव्हतं.

ऑगस्टमध्ये तो म्हणाला, "पुढच्या खेपेला काच शाबूत असली की माझं काम संपलं. मग... पाच वर्षांनी."

पाच वर्षांनी ती चाळिशीची होणार होती. सप्टेंबरात, तो यायच्या आदल्या दिवशी, फुलांचं पाणी बदलायला म्हणून ती चर्चमध्ये गेली आणि किल्लीच्या टोकाने तिने काच फोडली. एवढी शहाणीसुरती बाई, आणि हे उद्योग.

दुसऱ्या दिवशी हार्वीने काच बराच वेळ न्याहाळली. "भिंत सरकली की काच भेगेवर तुटते, मिस थर्टल. ही कोपऱ्यात फुटलीय."

"किल्लीचा धक्का..." तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "नाही. मीच फोडली. पाच वर्षं – फार होतात हो."

तो बाकावर टेकला. "मीही एक कबूल करू? त्या भेगेत शंभर वर्षांची धूळ साचलीय. भिंत जागची हललेली नाही. मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग काच कशाला लावलीत?"

"तुम्ही दाराआडूनच 'आज नको' म्हणालात," तो म्हणाला. "परत यायला काहीतरी निमित्त हवं होतं. मलाही घरी वाट बघणारं कुणी नाही, ऑड्री."

तिला हसूही आलं आणि रडूही. किती महिने दोघं एका धडधाकट भिंतीची काळजी करत बसली होती.

पावसातच दोघं तिच्या घरापाशी आली. सवयीने तो उंबऱ्याबाहेर थांबला, किल्ली पुढे केली. तिने ती घेतली नाही.

"तूच टांग," ती म्हणाली. "खिळा आत आहे."