अकरा नंबरची पट्टी

देवबागच्या धक्क्यावर मी पेटी खाली ठेवली, तेव्हा होडीतूनच एक आवाज आला, "स्कूबा की डॉल्फिन?"

"दोन्ही नाही. मला या बारा पट्ट्या समुद्रात टांगायच्या आहेत. सहा महिने."

इंजिनावरचं फडकं खांद्यावर टाकून तो वर आला. धनेश खवणेकर. धक्का त्याच्याच घराचा. त्याने पेटीतल्या लोखंडी पट्ट्या पाहिल्या, मग वाळूने भरलेले माझे बूट पाहिले... आणि इतकं गोड हसला की मला आधी रागच आला.

"समुद्र लोखंड खातो, मॅडम. हे शोधायला विद्यापीठ कशाला?"

मी सृष्टी, इथून जवळच्याच वालावलची. पण ते मी त्याला सांगितलं नाही. पुण्यातला आमचा संशोधन गट संगणकावर पदार्थ घडवतो; अणू कसे मांडले तर काय होईल, याचं गणित करतो. तीन वर्षांत गंज रोखणारे चाळीस हजार लेप नुसत्या गणिताने तपासून आम्ही बारा निवडले होते, एकेका पट्टीवर एकेक. त्यात काही मुद्दाम कच्चे, कारण हरणारा ओळखता आला तरच जिंकणाऱ्यावर भरवसा. कोण किती टिकेल, तो क्रम माझ्या मार्गदर्शक सरांनी एका पाकिटात बंद केला होता. समुद्राने तोच क्रम दिला तर आमची पद्धत खरी. नाहीतर तीन वर्षं पाण्यात, आणि मागोमाग माझी पीएचडी.

नियम एकच होता. पट्ट्या सांभाळणाऱ्याला, म्हणजे आता धनेशला, क्रम कळता कामा नये, अगदी माझ्या चेहऱ्यावरूनही.

दर महिन्याला मी यायचे. दोघं मिळून दोर ओढायचो, मग मी फोटो काढायचे. नोव्हेंबरात त्याच्या आईने, आनंदीबाईंनी, सोलकढीचा पेला पुन्हा भरला आणि मी सवयीने म्हणाले, "पुरे गो, माका नको."

धनेशच्या हातातून दोर सुटला. "आमच्याच बाजूची? आणि माझ्याशी पुस्तकी बोलतंस?"

त्यानंतर दोर ओढताना बोटाला बोट लागायचं, आणि दोघंही फार मन लावून पट्ट्यांचे नंबर वाचायचो.

डिसेंबरात अकरा नंबरवर तांबूस डाग दिसले. सगळ्यात आधी अकराच गंजणार, हेच तर पाकिटात होतं. मला नाचावंसं वाटत होतं! पण नियम... मी चांगलं तोंड पाडून बसले. बांगड्याचं तिखलंसुद्धा ताटात तसंच ठेवलं.

"काय झाला गो?"

"काय नाय."

मग प्रबंधाने मला पुण्यात डांबलं. दोन महिन्यांचे फोटो चुकले. धनेश फोनवर म्हणायचा, "पट्टयो बऱ्यो आसत." मी विचारायचे, "आणि तू?" मग तो फोन लाटांकडे धरायचा.

मार्चअखेर सर आले, सोबत जहाजं बांधणाऱ्या कंपनीचे दोन अधिकारी. पट्ट्या वर काढून धक्क्यावर मांडल्या. सरांनी पाकीट फोडलं.

"सगळ्यात टिकाऊ, चार." बरोबर. "मग नऊ." बरोबर. एकेक पट्टी जुळत गेली. "आणि सगळ्यात आधी गंजणारी... अकरा."

अकरा नंबर काळी तुकतुकीत होती. गंजाचा ठिपकासुद्धा नाही.

"शेवटचीच ठणठणीत निघाली," एक अधिकारी म्हणाला, "मग बाकीच्यांचं काय धरायचं?"

सर माझ्याकडे बघत होते.

"साहेब, मी... त्या पट्टीला..." धनेश पुढे आला. पाहुण्यांसाठी आणलेली शुद्ध मराठी त्याने तिथेच सोडून दिली. "चूक माझी आसा. मियाच तेल लावलंय तिका. काजूच्या टरफलांचा. आजो होडयेक लावायचो."

"कित्या पण?" सरांसमोर माझी मालवणी सुटली.

"त्या दिवशी तुझा तोंड पडलेला. जेवलंस पण नाय." तो लाल झाला. "माका वाटला, पट्टी गंजली तर तू परत येवची नाय. आणि तू येवक होयी... माका."

"अरे, ती गंजूकच होयी होती," मी म्हणाले. बाकीचं मला ऐकू आलं होतं, पण मी पट्टीच सरांपुढे धरली.

सरांनी चाकूने तेलाचा थर खरवडला. खाली डिसेंबरचा गंज होता, माझ्या फोटोतल्याच डागांचा. बाकीच्या अकरा पट्ट्यांवर तेवढा गंज अजूनही नव्हता.

"अकराच आधी गंजली," सर म्हणाले. "बाराच्या बारा बरोबर."

अधिकाऱ्याने फोटो आणि पट्टी दोन-दोनदा ताडून पाहिली, आणि आपल्या पुढच्या जहाजासाठी चार नंबरचा लेप मागितला. आनंदीबाईंनी टाळ्या वाजवल्या, शेजारच्या होड्यांवरूनही वाजल्या. सरांचं लक्ष मात्र त्या काळ्या थरावर होतं.

"तीन महिने समुद्रात टिकलं हे? सृष्टी, या तेलाचं गणित मांडायला घे."

सगळे जेवायला गेले. धनेश खाली मान घालून दोर गुंडाळत राहिला.

"रागावलंस? तुझ्या तोंडावरसून माका कायएक कळत नाय."

"नियम संपलो आता. बघ."

त्याने वर पाहिलं. मी काही म्हणजे काही लपवलं नाही.

"त्या तेलाच्या गणिताक..." त्याने घसा साफ केला, "किती वर्सा लागतली?"

"तीन तरी."

"सावकाश कर," तो म्हणाला, आणि दोर सोडून त्याने माझा हात धरला.