सात रेषांची बाई

पहिल्याच भेटीत मी त्या फ्रेमवाल्यावर खेकसले. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत तो शंभर वर्षांपूर्वीचं ते रेखाचित्र फ्रेममध्ये बसवून हातोडी उचलत होता, आणि चित्राखाली लावायच्या तीन ओळी मला अजून सुचल्या नव्हत्या. माझा चष्मा आणि फ्रेमची चकाकणारी काच, दोघांचं मुळीच जमत नव्हतं.

"काढा ते बाहेर," मी म्हटलं. त्याने हातोडी ठेवून ते काढलं.

चित्रात मोजून सात रेषा. चेहरा नाही, हात नाहीत... कलती मान, एक खांदा, पाठीचा बाक. बाई आहे एवढंच कळतं. मी ठोकून दिलं, 'एकाकी, शोकमग्न स्त्री.' संग्रहालयाच्या प्रमुख मॅडमनी ते खोडलं. शोक कुठे दिसला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फ्रेम उघडायला लावली, तिसऱ्या दिवशीही. तो कुरकुरला नाही. उलट माझ्यासाठी टेबल खिडकीशी, उजेडात सरकवून ठेवलेलं. घरी आत्याने विचारलं, चित्र बघायला रोज इस्त्रीचा कुर्ता लागतो का गं? मी तिकडे कानाडोळा केला.

चौथा दिवस शेवटचा. संध्याकाळी चित्र भिंतीवर जाणार, तो त्याच्या दुकानात परत जाणार, आणि मला त्याला भेटायला सबबच उरणार नव्हती.

"ही का रडत असेल हो?" मी विचारलं.

"रडत नाहीये," तो म्हणाला. "खांदा बघा ना... ताठ आहे. मागून कोणीतरी आलंय. तिला कळलंय, पण कळलंच नाही असं दाखवतेय."

"इतकं कसं ओळखलंत?"

"मी दारातून आत आलो, की तुम्ही अश्शाच बसता."

माझे कान तापले. मान खाली घालून मी एका दमात लिहून काढलं: 'पाठमोरी, पण सगळं लक्ष दाराकडे...' मॅडमनी एक शब्द खोडला नाही.

परत येऊन मी फ्रेम उलटी केली. मागे नुसती कागदी पट्टी चिकटवलेली. लाकडाला खिळ्याचं एकही भोक नाही.

"चार दिवसांत खिळे मारलेच नाहीत तुम्ही?"

"तुम्ही परत उघडायला लावाल, अशी..." तो हातोडीकडे बघत राहिला, "आशा होती."

मला इतकं बरं वाटलं, की हसूच आवरेना. मी खिळ्यांची डबी त्याच्यापुढे सरकवली.

"आता ठोका. उद्या मी तुमच्या दुकानात येतेय. चित्राबित्राचं काही काम नसताना."

एवढा कसलेला हात त्याचा, पण पहिला खिळा वाकडा गेला.