गुरुवारची बैठक

माणूस दारू सोडायला निघाला की त्याला सगळ्यात अवघड काय जातं, सांगा बरं? दारू नाही. पत्ता विचारणं!

लिफ्ट दुरुस्त करणारा आपला मिस्त्री, मेव्हण्याने दिलेली चिठ्ठी मुठीत धरून त्या गल्लीत तीन फेऱ्या मारून आला होता. 'दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठे भरते हो?' असं चारचौघांत विचारायला जीभच रेटेना. पण न विचारून सांगतो कुणाला? बायको लेकीला घेऊन तीन आठवड्यांपूर्वी भावाकडे निघून गेली होती. जाताना निक्षून सांगून गेली, "एकदा तरी त्या बैठकीला जाऊन या, न पिता. मग परत यायचं बघू."

म्हणून आज गुरुवार असूनही तो प्यायला नव्हता. एरवी गुरुवारी दुपारी काम आटोपलं की स्वारी गुत्त्यात शिरायची, आणि तिथून पुढचं त्याला काही म्हणजे काही आठवायचं नाही. जाग यायची ती शुक्रवारी सकाळी, घरच्या अंथरुणात. मधले तास कुठे गेले, याची त्याने कधी चौकशी केली नव्हती. पिणाऱ्याला असले प्रश्न पडत नाहीत.

वाचनालयामागच्या जुन्या इमारतीच्या दारात पहारेकरी पेपर वाचत बसला होता. मिस्त्रीने घसा खाकरला. "ते... इथे एक बैठक..."

"जा की वर," पहारेकरी म्हणाला. "जिन्यातला दिवा गेलाय आज. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, पायऱ्या पाठच आहेत तुमच्या."

पाठ? म्हाताऱ्याला दिसत नसणार, दुसरं काय! मिस्त्रीला हसूच आलं.

बाहेर अजून उजेड होता, पण जिन्यात डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. फिनेलचा आणि ओल्या भिंतींचा वास. मिस्त्री चढत राहिला आणि मध्येच थांबला. त्याच्या पायाने एक पायरी आपणहून ओलांडली होती. का बरं? तो वाकला, हाताने चाचपून पाहिलं. पायरी अर्धी तुटलेली होती.

"अरेच्चा!" तो स्वतःशीच म्हणाला.

वरच्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या, आठ-नऊ माणसं, डोक्यावर गुणगुणणारी ट्यूबलाइट. बैठक चालवणारी बाई कधीकाळी इस्पितळात नर्स होती, सगळे तिला सिस्टर म्हणत. मिस्त्री एका रिकाम्या खुर्चीत टेकला आणि एकदाचं म्हणून टाकलं, "मी... आज पहिल्यांदाच आलोय."

समोर बसलेल्या शिंप्याने हातातला कप खाली ठेवला. सिस्टर उठून जवळ आली, त्याचे थरथरणारे हात तिने निरखून पाहिले.

"म्हणजे आज तुम्ही आलात," ती हळूच म्हणाली.

"मीच येणार ना! दुसरं कोण?"

"गेलं वर्षभर दर गुरुवारी याच खुर्चीत बसता. तोंडाला वास नाही, हात असे स्थिर..."

"अहो, गुरुवारी मी शुद्धीत नसतो!"

"तुम्ही नसता," शिंपी म्हणाला. "तो असतो..."

आता खरं तर माणसाने उठून पळ काढावा. पण मिस्त्रीचा स्वभाव असा, की बंद पडलेलं यंत्र दिसलं की उघडून पाहिल्याशिवाय चैन पडायची नाही. तो खुर्ची पुढे ओढून बसला. "काय बोलतो तो?"

"बायकोबद्दल, लेकीबद्दल," सिस्टर म्हणाली. "म्हणतो, मिस्त्री पिऊन पडला की तेवढाच वेळ मला मिळतो. घर डोळ्यांदेखत मोडतंय, पण वेळ पुरत नाही... मागच्या गुरुवारी त्याचं वर्ष भरलं. सगळ्यांचा निरोप घेतला. म्हणाला, पुढच्या वेळी मिस्त्री स्वतः येईल. त्याला बसवून घ्या."

"आणि तो स्वतः कुठे जाणार होता?"

"ते... आम्ही विचारलं नाही."

मिस्त्रीने खिशातून फोन काढला. त्याने मेव्हण्याच्या घरी फोन लावला. लेकीने उचलला.

"बाळा, मी बोलतोय. बाबा."

"काहीतरीच काय! बाबा इथे बसलेत. आम्हाला न्यायला आलेत." मागे बायको खळखळून हसत होती. ते हसू ऐकून किती वर्षं झाली होती, देव जाणे. मिस्त्रीचे डोळे भरून आले. लेक आवाज बारीक करून म्हणाली, "आज त्यांना वासपण येत नाहीये. तुम्ही कोण, काका?"

फोन दुसऱ्या हातात गेला. आवाज त्याचाच होता, पण लग्न झालं तेव्हा होता तसा, स्वच्छ.

"पोचलास? बरं झालं. बस निवांत, माणसं चांगली आहेत." मग अगदी हळू, "आता असं करू... गुरुवारी तू येत जा. बाकीचे दिवस मी बघतो."

मिस्त्री तडक जिन्याकडे धावला. पायऱ्या उतरल्याचं त्याला आठवतं. दाराबाहेर पाऊल टाकल्याचंही आठवतं.

त्यापुढे थेट ट्यूबलाइटची गुणगुण. तो खुर्चीत बसला होता. सिस्टर समोरच्या शिंप्याला विचारत होती, "हं, बोला. आठवडा कसा गेला?"

मिस्त्रीने खाली पाहिलं. अंगात त्याने कधी विकत न घेतलेला, कडक इस्त्रीचा शर्ट होता. उजव्या बाहीवर लेकीच्या रंगपेटीतल्या निळ्या रंगाचा इवलासा हात उमटला होता. त्याने बोट लावून पाहिलं. रंग अजून ओला होता.