थोरलीतला प्रश्न

काम तसं साधंच होतं. भाषांचा अभ्यास करणाऱ्या बाई भरदुपारी रेकॉर्डर घेऊन वृद्धाश्रमात गेल्या होत्या, एका आजोबांकडून चार शब्द वदवून घ्यायला.

मिठागरांच्या काठी पूर्वी चार वस्त्या होत्या आणि चार भाषा. एकाच आईच्या लेकी म्हणाव्यात अशा. थोरलीत पाण्याला 'नेहू' म्हणत, धाकटीत 'निऊ'. मिठागरं बंद पडली, माणसं शहरात पांगली, पोरांनी शहराची बोली उचलली. आधी थोरली गेली, मागोमाग मधल्या दोघी. धाकटी तेवढी या आजोबांच्या तोंडी उरली होती. बाकीच्या तिघी बाईंनी जुन्या टेपा ऐकून ऐकून घोटल्या होत्या. थोरली बोलणारं आता कुणी नव्हतं; नीट समजणाऱ्या त्या एकट्याच.

आजोबा खिडकीशी बसले होते. दोन्ही कानांत कापसाचे बोळे.

"हे असंच," नर्स वैतागून म्हणाली. "रेडिओ नको, पंखा नको. कापूस काढा म्हटलं की अंगावर येतात."

ती गेल्यावर आजोबा म्हणाले, "परत आलीस? नको म्हटलं होतं ना..."

"थोडंसंच बोला, आजोबा. तुमच्यामागे काय उरणार?"

"उरतं गं. तोच तर घोर आहे."

बाईंनी फारच गळ घातली, तेव्हा त्यांनी एका कानातला बोळा काढला आणि डोळे मिटून बोलू लागले. मीठ. वारा. फावडं. बाईंच्या कानावर हेडफोन होते. खोलीतल्या फिनेलच्या वासात हळूहळू खाऱ्या चिखलाचा वास मिसळला. दोन शब्दांमधल्या शांततेत काहीतरी खुसपुसत होतं. शेजारच्या खोलीतलं असेल म्हणून त्यांनी आवाज वाढवला.

कुजबुज थोरलीत होती. मग अगदी कानाशी एका अनोळखी स्त्रीच्या आवाजाने विचारलं,

"हेन लू?"

तू कुणाची?

थोरलीच्या साऱ्या टेपा पुरुषांच्या होत्या. स्त्रीचा आवाज एकीतही नव्हता.

आजोबांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. "ऐकू आलं ना? ओ देऊ नकोस. समजणारं माणूस शोधत असतात ती, गेलेली माणसं... माझी बहीण होती तोवर तिच्या उशाशी बसायची. बहीण गेली नि सगळी माझ्याकडे आली, मला अर्धंमुर्धंच कळतं तरी..."

"हेन लू?" आवाजात आर्जव होतं.

इतकी वर्षं त्या भाषेवर जीव टाकला, पण त्या भाषेत कुणी कधी बाईंना काही विचारलंच नव्हतं. ओठ आपसूक हलले. थोरलीत, स्पष्ट उच्चारात, त्यांनी आपल्या आईचं नाव सांगितलं.

कुजबुज थांबली.

आजोबांनी दुसराही बोळा काढला. मान वाकडी करून बराच वेळ कानोसा घेतला. "चिमणी..." ते पुटपुटले. "बाहेर चिमणी ओरडतेय." आणि तोंडावर हात ठेवून रडू लागले. "पोरी, काय करून बसलीस..."

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सचा फोन आला. बाई घरात एकट्याच होत्या.

"अहो, चमत्कारच झाला! आजोबा रात्रभर गाढ झोपले. आज रेडिओ लावा म्हणतात!"

बाई काहीतरी बोलल्या.

"हॅलो? काय म्हणालात?" नर्सने आवाज चढवला. "बाई, तुमच्यामागे ती माणसं बोलताहेत ना, त्यांना जरा गप्प करा. तुमचं काहीच ऐकू येत नाहीये."