खुनीबाईची पावलं

त्याची आणि माझी पहिली भेट एका कोबीवरून झाली.

भाजीच्या दुकानात शेवटचे दोनच कोबी उरले होते. मी त्यातला एक उचलला, कानाशी धरला, बोटाने टकटक केली, मग दोन्ही हातांनी दाबून तो कसा कुरकुरतो ते ऐकलं. दुसऱ्याचीही तशीच तपासणी केली. शेजारी एक उंच, चष्मेवाला माणूस केव्हाचा ताटकळत उभा होता.

"एक मला मिळेल का?" त्याने विचारलं. "म्हणजे... डॉक्टरांचं तपासून झालं असेल तर."

"दोन्ही लागणार आहेत मला."

"पाहुणे येणारेत घरी?"

"छे हो. खून करायचाय."

मी हे अगदी सहज बोलून गेले. मावशीच्या आणि माझ्या घरात सकाळच्या चहाला असलीच बोलणी चालतात, त्यामुळे बाहेर जीभ आवरायची आठवण राहत नाही. त्याचा कोबीकडे निघालेला हात मात्र तिथल्या तिथे थांबला.

"कुणाचा?"

"नवऱ्याचा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, कोबीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि अतिशय गंभीरपणे म्हणाला, "इतका नावडतो का त्यांना कोबी?"

मी हसू दाबत दोन्ही कोबी पिशवीत कोंबले आणि तिथून सटकले. कोपऱ्यावर वळले आणि एकटीच खो खो हसत सुटले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत गेले, तर काचेच्या पलीकडे, ध्वनिमुद्रकाच्या खुर्चीत तोच बसलेला! आमचे जुने ध्वनिमुद्रक निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी आजपासून नवा माणूस येणार होता, हे मी साफ विसरले होते. त्याने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. खोलीतला छोटा स्पीकर खरखरला.

"नवरा अजून आहे ना?"

"आहे. शुक्रवारी मारायचाय."

"मग मी वेळेवर आलो म्हणायचं, खुनीबाई."

"बसा, कोबीवाले," मी म्हटलं. आमची बारशी ही अशी झाली.

आता हा काय प्रकार आहे ते सांगते. सिनेमात माणसं चालतात, कपबशा वाजतात, दारं करकरतात, त्यातले पुष्कळ आवाज शूटिंगच्या वेळचे नसतातच. ते नंतर एका बंद खोलीत, समोर पडद्यावर चित्र चालू असताना, माझ्यासारखं कुणीतरी नव्याने काढत असतं. आमच्या खोलीत जमिनीचे तुकडे आहेत. एक फरशीचा, एक लाकडी, एक वाळूचा, एक खडीचा. भिंतीला लागून पावणेदोनशे जोड चपला-बूट. सुरी खुपसायची असेल तर कोबी, हाड मोडायचं असेल तर काकडी. बत्तीस वर्षं मावशीने हे काम केलं. मग तिचे गुडघे गेले आणि तिने काठी धरली. काम माझ्याकडे आलं, पण अजून नीटसं आलं नव्हतं.

"हा एक सिनेमा तू एकटीने तडीस ने," मावशी म्हणाली होती. "जमला, तर खोली तुझी. नाही जमला, तर मी कुलूप लावते. माझ्या नावावर रडतखडत चालवलेलं मला नकोय."

सिनेमा एका खचलेल्या बाईचा होता. तिच्या नवऱ्याला आवाज सहन होत नाही. भांडं वाजायला नको, दार वाजायला नको, बाईचं पाऊलही वाजायला नको. अकरा वर्षं ती घरात मांजरासारखी वावरते. हळूहळू तिचं भान सुटत जातं, आणि एका रविवारी दुपारी, हातात सुरी घेऊन, ती चौदा लाकडी पायऱ्या चढून त्याच्या खोलीकडे जाते. पडद्यावर त्या बाईचं तोंड दिसतं, पण पाय माझे ऐकू येतात.

सुरुवातीचे दिवस झकास गेले. मी सपाट तळाच्या चपला घालून तिचं दबकं चालणं करायची आणि कोबीवाले काचेपलीकडे कानांवर हेडफोन लावून डोळे मिटून बसायचे. हा माणूस ऐकताना डोळे मिटतो, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. त्यामुळे त्याच्याकडे मनसोक्त बघता यायचं. हे त्याला कळत नाही अशी माझी समजूत होती.

मग तो मंगळवार आला. त्या दिवशी पाऊस पाडायचा होता. आमचा पाऊस म्हणजे जाड तपकिरी कागदावर चाळणीतून सोडलेले कोरडे तांदूळ. मी चाळणी हलवत होते.

"फार जोराचा होतोय," स्पीकर म्हणाला. "जरा... मन लावून पाडा ना."

"पावसाला मन असतं?"

"पाडणारीला असेल की."

मी हळू केलं. तो खुर्चीतून उठून आत आला, स्वतःचा हेडफोन काढून त्याने माझ्या कानांवर ठेवला आणि चाळणी हातात घेतली. माझ्या भोवती एकदम खराखुरा पाऊस सुरू झाला. कौलांवरून ओघळणारा, अंगणात साचणारा. समोर तो, चाळणी हलवणारा, चष्मा नाकावर घसरलेला.

"भिजलात?" त्याच्या ओठांवरून मला कळलं.

मी मान हलवली. मग त्याने हात पुढे केला... आणि माझ्या केसात अडकलेला तांदळाचा एक दाणा अलगद काढला. एवढंच झालं. पण माझ्या छातीत असं काही धडधडायला लागलं, की माइक बंद आहे ना, हे मी वळून दोनदा पाहिलं. मला तो आवडला होता. आता आडून बोलण्यात अर्थ नाही.

शुक्रवारी नवरा मारला. दोन्ही कोबी कामी आले. चौदा पायऱ्यांचा चढही, लाकडी फळीवर जागच्या जागी पावलं टाकत, त्याच दिवशी केला आणि सोमवारी दिग्दर्शक ऐकायला आले. हा माणूस कधी आवाज चढवत नाही, म्हणून सगळे त्याला मागून थंडोबा म्हणतात. थंडोबांनी पायऱ्यांचा प्रसंग एकदा ऐकला. पुन्हा ऐकला. मग मला विचारलं, "ही बाई कुठे चाललीये?"

"वर. नवऱ्याच्या खोलीत."

"कशासाठी?"

"मारायला."

"मला तर वाटतंय, त्याला लग्नाची मागणी घालायला चाललीये." ते अगदी शांतपणे म्हणाले. "टाच बघा किती हलकी पडतेय. जिना चढतेय की झोका घेतेय? परवा सकाळी मी पुन्हा येतो. तेव्हाही असंच असेल, तर मला हे काम दुसऱ्या स्टुडिओत करून घ्यावं लागेल."

ते गेले. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. पावणेदोनशे जोड चपला माझ्याकडे बघताहेत असं वाटायला लागलं. हा सिनेमा गेला तर ही खोलीही जाणार होती.

"तुम्हाला ऐकू आलं नव्हतं?" मी काचेवर बोट आपटलं. "टाच हलकी पडतेय, हे?"

स्पीकर हळूच खरखरला. "आलं होतं."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"आणि सांगितलं नाहीत?"

"नाही. म्हणजे... सांगायला हवं होतं. तेच माझं काम आहे. पण..." त्याने चष्मा काढून पुसला. "ऐकायला फार बरं वाटत होतं."

एरवी या वाक्यावर मी विरघळले असते. पण त्या क्षणी माझा राग नाकावर नाही, पार डोक्यात गेला होता. "तुला बरं वाटावं म्हणून मी चालते का रे? माझी बत्तीस वर्षांची खोली आहे ही! म्हणजे... मावशीची. तुझं काय जातंय?"

त्याने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "चुकलो. खरंच चुकलो." आणि आणखी हळू, "...तू म्हणालात तुम्ही मला."

मी चपला तिथेच सोडल्या आणि अनवाणी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी कानाला खडा लावूनच आले. पुन्हा 'तुम्ही', पुन्हा कामापुरतं बोलणं. तो काही विचारायचा, मी मोजून एक शब्द द्यायची. टाच हलकी पडते काय? मग टाच टेकवायचीच नाही. आनंद होतो काय? मग होऊच द्यायचा नाही. दिवसभरात तेवीस वेळा मी त्या पायऱ्या चढले. दर वेळी स्पीकर नम्रपणे म्हणायचा, "पुन्हा एकदा करू या?" तेविसाव्या वेळी तो म्हणाला, "रागावणार नसाल तर एक सांगू? आज सांगायलाच हवं म्हणून सांगतोय. काहीतरी दाबल्यासारखं ऐकू येतंय."

"मी काही दाबत नाहीये."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याच्या 'बरं'मध्ये इतकं दुःख होतं की मला चाळणी फेकून मारावीशी वाटली. त्याला नाही, स्वतःलाच.

तेवढ्यात काठी टेकत मावशी आली. कुणीतरी तिला कळवलं होतं, आणि ते कुणी, हे त्याच्या लाल कानांवरून समजत होतं. मावशी खुर्चीत बसली, सगळं ऐकलं, मग त्याला बाहेर चहाला पिटाळलं.

"हल्ली तुझे पाय जमिनीवर नाहीत," ती म्हणाली.

"मावशी, थट्टा नको गं."

"थट्टा कसली? चालणाऱ्या बाईला पाय जमिनीवर लागतातच." तिने काठीने लाकडी फळीवर टकटक केली. "शुक्रवारी तू आनंदात चाललीस, ते चूक. पण आज काय केलंस माहितीये? चोरून चाललीस, ते त्याहून चूक. ही बाई अकरा वर्षं पाय चोरत आली. आज, या जिन्यावर, तिचं चोरणं संपलंय. वाईट कामाला चाललीये, वेडीच झालीये, सगळं खरं. पण चोरत नाहीये. आणि तू नेमकी आजच चोरायला लागलीस."

"मी काय चोरतेय?"

"ते मी कशाला सांगू? माझे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत." ती उठली. "मुलगा बरा आहे. तुझी चूक सांगायला मला फोन करताना अर्धा वेळ तुझं कौतुकच करत होता."

त्या रात्री मला झोप लागली ती मस्त लागली. आता चोरायचं नाही, असं ठरवल्यावर लागतेच.

बुधवारी सकाळी थंडोबा वेळेवर आले आणि काचेपलीकडे कोबीवाल्यांच्या शेजारी हाताची घडी घालून बसले. मी चपला घातल्या, फळीवर उभी राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून बसला, नेहमीसारखा.

पडद्यावर ती बाई जिन्याच्या तळाशी आली. तिचं काहीच मला पटत नव्हतं. माणूस मारणं ते माणूस मारणंच. पण अकरा वर्षं आपल्याच घरात आपलंच पाऊल गिळायचं म्हणजे काय, एवढं मला आता कळत होतं. मीही एक दिवस तेच केलं होतं, आणि एका दिवसातच माझा जीव मेटाकुटीला आला होता.

मी पहिलं पाऊल टाकलं. पूर्ण टाच, मग पूर्ण तळवा. लाकूड ठाम वाजलं. घाई नाही, जोर नाही. दुसरं. तिसरं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत चढत राहिले, आणि कुणाला काय ऐकू जाईल याची पर्वा सोडून दिली. चौदाव्या पायरीवर ती बंद दारासमोर थांबली. मीही थांबले.

प्रसंग तिथे संपत होता. दारावर अजून काही क्षण चित्र राहणार होतं आणि त्यात शांतता हवी होती. हे मला पक्कं ठाऊक होतं. सराईत माणूस अशा वेळी श्वाससुद्धा जपून घेतो.

पण माझे पाय थांबेनात. मी फळीवरून उतरले आणि त्याच चपलांनी, त्याच टाचेने, फरशीवरून सरळ काचेकडे चालत गेले. एक, दोन, तीन, चार. काचेला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन उभी राहिले. त्याने डोळे उघडले.

पडदा काळा झाला.

"हेच," स्पीकरवर थंडोबांचा आवाज आला. "चौदाच्या चौदा पायऱ्या, हेच हवं होतं मला. अंगावर काटा आला. काम इथेच राहू दे." मग त्यांनी भुवया आक्रसल्या. "पण शेवटी, दारापाशी ती थांबल्यावर, चार पावलं जास्तीची आहेत. ती काढून टाका."

"सिनेमातून काढतो," तो म्हणाला. तो थंडोबांशी बोलत होता, पण बघत माझ्याकडेच होता. "पण मी ती जपून ठेवणार आहे, साहेब. ती चार त्या बाईची नाहीत. ती माझ्याकडे आलेली आहेत."

थंडोबांनी आळीपाळीने आमच्या दोघांकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "अहो, मग बसलात काय!"

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि स्पीकरच्या बटणाकडे वाकला.

"थांब तिथेच," तो मला म्हणाला. "आता मी येतो."