ओळखीची दुसरी व्यक्ती

फॉर्म सगळा भरून झाला होता. अडलं होतं एकाच रकान्यापाशी — नाशिकमधल्या ओळखीच्या दोन व्यक्ती. पहिल्या, आमच्या लॅबच्या मॅडम. आणि दुसरी...?

तीन रविवार वणवण केल्यावर परवडणारी खोली सापडली होती. मालकीण शकुमावशींनी बजावलं होतं, "पोलिसांचा फॉर्म पाचपर्यंत आण. दुसरी पार्टी तयार आहे." खोली गेली तर नोकरी सोडून घोटीला परत यायचं, असा अम्मीचा हुकूम होता.

"तुमचंही दुसऱ्यावरच अडलंय?"

मी वळून पाहिलं. झेरॉक्सच्या काउंटरवर कोपर टेकलेला एक मुलगा, कानाला पेन, हातात तसाच फॉर्म. त्यावर नाव — फराज, मालेगाव. माझ्यावर — इन्शा, घोटी.

"माझे एक गॅरेजचे शेठ आहेत. दुसरं तुमचं नाव लिहू? तुम्ही माझं लिहा."

"पण आपली ओळख कुठंय?"

त्यानं घड्याळ पाहिलं. "सव्वाचार. चहाला दहा मिनिटं लागतात. होईल की ओळख!"

आगाऊपणाच हा! तरी मी गेले. दहा मिनिटांत कळलं, त्याला आल्याचा चहा आवडत नाही आणि माझ्यासाठी तो मुकाट्यानं पितोय. मला ते आवडलं... फारच आवडलं.

'केव्हापासून ओळखता?' पुढे मी लिहिलं — आजपासून.

शकुमावशींनी चष्म्यावरून आधी फॉर्म पाहिला, मग मला. "खरं लिहिलंस म्हणून देते हो," म्हणत किल्ली हातावर ठेवली.

मग दर रविवारी चहा ठरलेलाच. अकरा महिन्यांनी दोघांचेही भाडेकरार संपले, तेव्हा पुन्हा त्याच दुकानात गेलो. फराजनं फॉर्म मात्र एकच घेतला.

"आणि दुसरा?"

"एकच पुरेल..." त्याचे कान लाल झाले होते. "भाडेकरू दोघं. म्हणजे — निकाह झाल्यावर. इन्शा, माझं प्रेम आहे तुझ्यावर."

मला हो म्हणायचंच होतं. पण इतक्या सहज सोडते होय!

"एकाच फॉर्मवर आलो, तर ओळखीची दुसरी व्यक्ती कुठून आणायची?"

"तुझ्या मॅडम, माझे शेठ. मी मोजून आलोय."

मी त्याच्या कानावरचं पेन काढलं आणि भाडेकरूच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. खाली त्याच्यापुरती जागा सोडली.

"आधी घोटीला चल," मी म्हटलं. "अम्मी पहिलं हेच विचारेल, केव्हापासून ओळखता?"

"खरं तेच सांगू," तो म्हणाला. "अकरा महिने... आणि दहा मिनिटं."